पहिला कप

मार्तंड शिंप्याच्या ओट्यावर रोज दुपारी तीन पत्तीचा डाव बसायचा. पैसे नाहीत, चिंचोके. तेही एका वेळी एकच लावायचा. इतक्या स्वस्तात समोरची पानं बघायला मिळत असताना थापेला कोण भुलणार?

निवृत्त फौजदार ढवळे मिशीला पीळ देत म्हणायचे, "मी तोंड बघून पानं सांगतो. दरोडेखोर ओळखलेत मी, तुम्ही काय चीज!" मार्तंडाची बायको भागूबाई कौतुकानं आल्याच्या चहाचा पहिला कप त्यांच्याच हातात द्यायची. नवऱ्याला शेवटचा, गाळाचा. मार्तंडाच्या जिवाचा कोळसा व्हायचा.

त्या दिवशी बाकीचे गळाले, उरले हे दोघंच. मार्तंडाकडे दुर्री, पंजी, नव्वी. निव्वळ कचरा. फौजदारांनी एका हातात चहा धरून, पानं बघायला म्हणून दुसऱ्या हातानं चिंचोका उचलला.

"थांबा साहेब," मार्तंड म्हणाला. "तोंड बघून कळतं ना? मग चिंचोका कशाला घालवता? बघा की तोंड."

भागूबाई दारातच उभी होती. आता चिंचोका टाकला तर बढाई बुडाली. फौजदारांनी निरखून पाहिलं. मार्तंडाचं तोंड लालबुंद, नाकपुड्या फुगलेल्या.

"तीन राजे आहेत!" म्हणत त्यांनी राण्यांची जोडी टाकून दिली.

मार्तंडानं आपला कचरा उताणा केला. ओटा खदखदून हसला.

"अरे, मग तोंड एवढं पेटलं कशानं?"

"तुमच्या हातातल्या कपानं."

दुसऱ्या दिवशी पहिला कप मार्तंडापुढे आला. "साखर कमी आहे," तो गुरकावला, आणि फौजदारांकडे बघत भुरके मारत प्यायला.