भुईचाफ्याचे तीन कंद

एक होतं गाव, डोंगराच्या पायथ्याशी. पांघरूण ओढू नका रे, दोघांना पुरतं ते. तर त्या गावात दर चैत्रात डोंगरावरची राक्षसीण उतरायची. ज्या अंगणात फूल उमललेलं, त्या घराला ती शिवायची नाही. जिथं फूल नाही, तिथलं तान्हं मूल उचलून न्यायची.

एका साली काय झालं, दोन सरी पडल्या नि आभाळ कोरडंठाक. विहिरी आटल्या. माणशी तांब्याभर पाणी मिळायचं, बस. फुलझाडं सगळी वाळून गेली. गावात तान्हं मूल त्या साली एकट्या हौसाच्या घरी. ती बाळाला क्षणभर खाली ठेवीना.

हौसाची थोरली मुलगी चिमा. तिला रानात काट्याकुट्यात अडकलेलं साळिंदर दिसलं. तिनं त्याला सोडवलं. मग साळिंदर चक्क बोललं, बरं का. म्हणालं, "पोरी, हे भुईचाफ्याचे तीन कंद घे. अंगणात पुर. पानं येतील, पानं वाळतील. मग पाणी घालू नकोस. झोपलेला कंद पाण्यानं कुजतो. चैत्रात तो आपला आपण उठेल."

चिमानं आईला सगळं सांगितलं. हौसा हो म्हणाली. कंद पुरले. पानं आली, वाळलीसुद्धा. मग पौष गेला, माघ गेला, फाल्गुन गेला. अंगणात नुसती माती.

चैत्र लागला. डोंगरावर धूळ उठली. राक्षसीण निघाली होती. चिमाला धीर धरवेना. तिनं एक कंद उकरला. कुजलेला. दुसरा उकरला. तोही कुजलेला, नि माती ओली. तिनं आईकडे पाहिलं.

हौसा रडायला लागली. "मीच घातलं गं, माझ्या वाट्याचं पाणी. माझ्यानं राहवेना."

चिमाला राग आला, खूप आला. पण आईचे ओठ तहानेनं फुटलेले.

तिसऱ्या कंदाची माती मात्र कोरडी होती. तिथवर आईचं पाणी पुरलंच नव्हतं. चिमानं हात आवरला.

राक्षसीण कुंपणाशी आली. हौसानं बाळाला पदराखाली घेतलं. राक्षसिणीनं एक पाय आत टाकला, मग दुसरा टाकला, मग हात लांबवला. हलू नका रे. तेवढ्यात माती फुटली. ना पान, ना फांदी, जमिनीतूनच जांभळं-पांढरं फूल वर आलं. राक्षसिणीनं हात मागं घेतला नि आल्या वाटेनं निघून गेली.

चिमानं आपला तांब्या आणला नि आईच्या तोंडाला लावला.

"आता तू पी," ती म्हणाली, "सगळं पी."

मग ती सगळी सुखात राहिली, नि बाळ तुमच्यासारखंच दांडगं झालं. मिटा बघू डोळे आता.