विणकर पीटरचं घर

नवरा गेला आणि इंग्लंडातल्या त्या बाजाराच्या जुन्या गावात शालन ढमढेरे एकटी उरली. खाटकाच्या दुकानावरची भाड्याची खोली सोडून तिला चौकातलं चारशे वर्षांचं रिकामं घर विकत घ्यायचं होतं. पण घर गावच्या मंडळाचं, आणि मंडळाचा अध्यक्ष व्हिटकोम म्हणजे मोठा ताठ म्हातारा.

शालन घर बघायला गेली, तेव्हा दारातच तो म्हणाला, "बाई, हे घर आम्ही परक्याला देत नाही. गावात तुमच्या ओळखीचं आहे तरी कोण?"

"कुणी नाही," शालन म्हणाली आणि तिनं भिंतीवरच्या पाटीकडं बोट केलं. "मला इंग्रजी धड वाचता येत नाही. काय लिहिलंय?"

पाटी त्यानंच लावलेली. छाती फुगवून त्यानं वाचलं, "हे घर विणकर पीटरनं बांधलं. तो समुद्रापलीकडून एकटाच आला."

"मग त्याच्या ओळखीचं कोण होतं हो इथं?"

म्हाताऱ्यानं पाटी पुन्हा एकदा वाचली, या वेळी मनातल्या मनात. महिन्याभरात विक्रीच्या कागदांवर सही करून तो स्वतः किल्ली घेऊन आला.

"आत या, चहा टाकते," शालन म्हणाली. "नवरा गेल्यापासून माझ्याकडं चहाला कुणी आलं नाही. आता ओळखीचं एक माणूस तरी होऊ द्या मला."