फडक्यात आलेलं म्हातारपण

एक होती राणी. नवी राणी, बरं का. किती नवी? तर हातावरची मेंदी अजून गेली नव्हती, आणि कुठलं दार कुठं उघडतं हे तिला रोज कुणाला तरी विचारावं लागायचं. तिचं नाव केतकी. निमे, पाय पांघरुणात घे, मग पुढं सांगते.

तर त्या राजवाड्यात, देवघराशेजारच्या कोनाड्यात, वहाणांचा एक जोड ठेवलेला असायचा. राजाच्या आजोबांच्या वहाणा. हे आजोबा कधी घोड्यावर बसले नाहीत की पालखीत बसले नाहीत. सगळं राज्य पायी फिरले. दारोदार जाऊन विचारायचे, "जेवलात का रे बाबांनो?" म्हणून दर पाडव्याला सगळं गाव यायचं आणि त्या वहाणांना नमस्कार करायचं. वहाणा कशा? कडा काळ्याभोर, कातडं सुरकुतलेलं, टाच एका बाजूनं झिजलेली.

पाडवा चार दिवसांवर आला. थोरल्या राणीसाहेब, म्हणजे केतकीच्या सासूबाई, भाच्याच्या घरी बारशाला निघाल्या. निघताना त्यांनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडला आणि सुनेच्या हातात दिला. म्हणाल्या, "तीन दिवसांत येते. घर तुझ्या हवाली." एवढंच. पण केतकीला कोण आनंद झाला. आजवर कुणी तिच्या हवाली साधं मांजरसुद्धा केलं नव्हतं.

मग तिनं ठरवलं, सासूबाई आल्यावर बघतच राहिल्या पाहिजेत. तिनं समया घासल्या. पितळी डबे घासले. मग तिची नजर गेली वहाणांवर. अगबाई, केवढ्या मळल्यात या. मग काय, रिठे भिजवले, फेस काढला, वहाणा खसाखसा धुतल्या, सावलीत वाळवल्या. मऊ फडकं घेतलं, थोडं मेण, थोडं तेल, आणि घासलं, घासलं, इतकं घासलं की वहाणेत तिला स्वतःचं नाक दिसायला लागलं.

मग ती दोन पावलं मागं सरली आणि बघते तर काय! आजोबांच्या वहाणा कुठं होत्या? कोनाड्यात कोरा करकरीत जोड होता, कालच बाजारातून आणल्यासारखा.

आता म्हातारपण गेलं कुठं? सांगा बघू. अहो, जातंय कुठं, फडक्यात आलं.

पण केतकीला काय माहीत. तिनं त्याच फडक्यानं नवी तांब्याची घागर पुसली. घागरीला पोचे पडले, बुडाला हिरवं चढलं. मग मांजराचं पिल्लू आलं आणि त्यानं फडक्यावर तोंड घासलं. झालं. त्याच्या मिशा पांढऱ्या झाल्या. ते भिंतीकडे तोंड करून बसलं आणि दूध पुढं ठेवलं तर "पूर्वीसारखं नाही" अशा नजरेनं बघायला लागलं. केतकीला दरदरून घाम फुटला. तो तिनं पुसला. कशानं? त्याच फडक्यानं. वेडी बाई. कपाळावरचे केस पांढरे झाले आणि तोंडातून निघालं, "गुडघे धरलेत गं बाई. आमच्या वेळी असं नव्हतं."

हसू नका. तिला रडू येत होतं. पहिल्यांदा किल्ल्या हाती आल्या आणि पहिल्यांदाच हे असं. आता सासूबाई पुन्हा आपल्याला काही देणार नाहीत, याचंच तिला वाईट वाटत होतं.

मग पदर पुढं ओढून, गुडघे चोळत चोळत ती तान्हूबाईकडे गेली. तान्हूबाई गावात वहाणा करायची. तिच्या हातची वहाण पायाला कधी चावली नाही असं लोक म्हणायचे. तिनं फडकं हुंगलं आणि म्हणाली, "राणीसाहेब, म्हातारपण धुवायला एक दुपार पुरते. परत घालायला तीन हात लागतात."

"कुठले तीन, मावशी?"

"पहिला तेलाचा. कोमट तेल, ह्याच फडक्यानं, कातडं पिईल तेवढं पाजायचं. दुसरा बाभळीच्या सालीचा. साल उकळून ते पाणी कडांना जास्त, मध्ये कमी. घाई करायची नाही, एक वाळला की दुसरा."

"आणि तिसरा?"

"तो मला येत नाही. पाय कुठं टेकायचा, अंगठा कुठं रुतायचा, ते ज्यानं पाहिलंय त्याच्या बोटाचं काम ते."

केतकी घरी आली. तेल पाजलं. वहाणा जरा सावळ्या झाल्या आणि घागर पुन्हा नवी झाली. सालीचं पाणी दिलं. कडा काळ्या पडल्या, मध्ये तांबूस राहिलं, आणि मांजराचं पिल्लू टुणकन उडी मारून पडद्याला लोंबकळलं. वहाणा आता जुन्या दिसत होत्या, बरं का. लांबून बघणाऱ्याला काही कळलं नसतं. पण केस पांढरेच राहिले.

तिसऱ्या दिवशी सासूबाई आल्या. त्यांनी समया बघितल्या, डबे बघितले, कोनाड्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "छान ठेवलंस हो घर." केतकी गप्प राहिली असती तर तिथंच मिटलं असतं. पदराखाली केस कुणाला दिसणार होते? पण तिला राहवेना. तिनं पदर मागं केला, किल्ल्यांचा जुडगा सासूबाईंच्या पायाशी ठेवला आणि म्हणाली, "आईसाहेब, मी आजोबांच्या वहाणा धुतल्या."

सासूबाईंनी तिच्या केसांकडे बघितलं. आणि मग त्या हसायला लागल्या. इतक्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं.

"मीसुद्धा धुतल्या होत्या," त्या म्हणाल्या. "मामंजी गेल्यावरच्या पहिल्याच पाडव्याला. माझ्या वेळी फडक्यानं दारचा घोडा म्हातारा झाला होता. दोन दिवस बसूनच होता मेला."

मग त्यांनी वहाण मांडीवर घेतली, सुनेचं बोट धरलं आणि कातड्यावर दाबलं. "इथं अंगठा. इथं चवडा. आणि टाच डावीकडून झिजव, मामंजी चालताना डावीकडे कलायचे. माझ्या सासूबाईंनी माझं बोट असंच धरलं होतं."

दाबता दाबता केतकीचे केस काळे झाले. एकच पांढरा राहिला. तो काही केल्या जाईना. सासूबाईंनी आपल्या केसांत बोट घालून सांगितलं, "माझाही पहिला असाच राहिला होता." आणि किल्ल्या उचलून परत सुनेच्या कमरेला खोचल्या. म्हणाल्या, "आता ह्या तुझ्याकडेच."

पाडव्याला गाव आलं. एका म्हाताऱ्यानं वाकून वहाणा बघितल्या आणि म्हणाला, "बघा, जशाच्या तशा. असं कातडं आता मिळायचं नाही." सासू-सुनेनं एकमेकींकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर दोघींना हसू फुटलं असतं.

राणी सुखी, सासू सुखी, मांजर पडद्यावर सुखी. आता तुम्ही पांघरुणात सुखी व्हा. डोळे मिटा. आणि हे बघा, माझ्या चपला दाराशी आहेत. त्या फार मळल्यात, पण उद्या कुणी धुवायच्या नाहीत. धुतल्याच, तर फडकं आधी मला आणून द्यायचं.