पहिला घास

कर्दळगडच्या दुर्गसेनाने सख्ख्या भावांना अंधारकोठडीत डांबून गादी बळकावली, आणि वर दवंडी पिटवली की हे राज्य मला देवानेच दिलंय. देवाने म्हणे! त्याच्या ताटातला पहिला घास चाखायला रखमाजी नावाचा माणूस होता. एके दिवशी खिरीत विष निघालं आणि रखमाजी जागीच गेला. “बघा, देवाने मला वाचवलं!” असं राजाने भर दरबारात सांगितलं, आणि घास चाखायला रखमाजीच्याच बायकोला, ठकूबाईला, उभं केलं.

दसऱ्याच्या पंगतीत राजाने पुन्हा तेच तुणतुणं लावलं, तेव्हा ठकूबाईच्या अंगाचा तिळपापड झाला.

“देवाने नाही, महाराज. माझ्या नवऱ्याने वाचवलं तुम्हाला.”

“मुंडकं उडवीन!” राजा गरजला. “माझ्या डोक्यावर देवाचा हात आहे. मला कोण मारणार?”

“मग आजचा पहिला घास तुम्हीच घ्या,” असं म्हणून तिने न चाखलेलं ताट त्याच्यापुढे सरकवलं.

राजाने आधी आचाऱ्याकडे पाहिलं, मग आपल्याच सरदारांकडे. अख्खी पंगत त्याच्याकडे बघत होती. पुरणपोळीवरचं तूप थिजलं, पण राजाचा हात काही ताटाकडे गेला नाही.