थोरल्या महालाच्या खिडकीचं माप

एका राज्यात, माघ शुद्ध सप्तमीला, सूर्य उगवून बरोबर तीन घटका आणि नऊ पळं झाली होती, तेव्हा या सगळ्याला सुरुवात झाली. वेळ इतकी नेमकी ठाऊक आहे, कारण धाकट्या महालातली दाई गोजरा बाळराजाच्या दुधाची वेळ भिंतीवर कोळशाने लिहून ठेवत असे. त्या दिवशी तिने वेळ लिहिली आणि खाली लिहिलं, "बाईसाहेबांचं लक्ष नव्हतं. अर्धंच पाजलं."

लक्ष कुठे होतं? लक्ष समोर होतं.

त्या नगरीत दोन महाल होते, समोरासमोर. मध्ये एक पुष्करणी, आणि तिच्या पाण्यात दोन्ही महालांच्या खिडक्या दिसत. थोरल्या महालात थोरली राणी हेमवती राहत असे आणि धाकट्या महालात तिची जाऊ, धाकटी राणी कुंदलता. कुंदलतेचं बाळ दोन महिन्यांचं होतं. तिचा राजा सरहद्दीवर गेला होता. घरात ती, बाळ, दाई आणि दिवसभर समोर दिसणाऱ्या त्या खिडक्या.

काय त्या खिडक्या! डाळिंबी मखमलीचे पडदे, त्यांना हातभर रुंद सोनेरी झालर, दोन्ही अंगांना रेशमी गोंडे. वारा आला की पडद्यावरचे जरीचे मोर मान वळवत. कुंदलतेच्या खिडकीला मात्र पांढरा सुती पडदा, धुऊन धुऊन मऊ झालेला. बाळाला उजेड लागू नये एवढंच त्याचं काम.

पुष्करणीवर आलेल्या बायका थोरल्या महालाकडे माना वर करून बघत. धाकट्या महालाकडे कुणी बघितलं तर एवढंच म्हणे, "बाळ रडतंय वाटतं." हे ऐकून कुंदलतेच्या पोटात मिरची लागल्यासारखं होई. रात्री-बेरात्री बाळाचा श्वास बघायला उठायची ती, पण आता उठली की आधी खिडकीशी जायची, मग पाळण्याशी.

त्याच सकाळी दारात पटमाळी आला. हा पटमाळी म्हणजे पापणीच्या डोंगराआड राहणारा जादूगार. खांद्यावर गाठोडं, कानात सुई खोवलेली, आणि त्याची सावली त्याच्या आधी उंबरा ओलांडून आत आलेली.

"कसे पडदे हवेत, राणीसाहेब?"

"समोरच्यांहून सरस."

"मग माप समोरचंच लागेल."

"माझ्या खिडकीचं नको?"

"तुमच्या खिडकीकडे तुम्ही तरी कुठे बघता?" पटमाळी म्हणाला आणि त्याने एक काळी दोरी पुढे केली. "एका हाताला एक गाठ मारा. आणून द्या. मोबदला काही नको."

खरं तर इथेच थांबायला हवं होतं. पण जिला समोरच्या घरातलं हवं असतं, तिला आपल्या दारातलं दिसत नाही. तुळशीला पाणी घालायचं निमित्त करून कुंदलता थोरल्या महालाच्या सज्जात गेली आणि बाहेरून, पडदा न सरकवता, तिने खिडकीचं माप घेतलं. सात हात भरले. सात गाठी पडल्या. गाठी घट्ट मारल्या आणि दोरी पटमाळीच्या हाती दिली.

तिसऱ्या प्रहरी पडदा लागला. निळा, इतका निळा की त्यात मासे पोहत होते. खरंच पोहत होते, आणि झालरीपाशी आले की वळून परत जात. सोबत लोड, तक्के, गिरद्या, पाळण्याची गादी, सगळं त्याच निळ्यातलं. पुष्करणीवर गर्दी लोटली. समोरच्या खिडकीत हेमवतीचा चेहरा क्षणभर दिसला आणि नाहीसा झाला. कुंदलतेला वाटलं, उन्हात चालून आल्यावर माठातलं पाणी प्यावं तसं गार.

मग गोजरा म्हणाली, "बाईसाहेब, बाळ डोळे उघडत नाही."

बाळ दूध पीत होतं, हात हलवत होतं, रडतही होतं. पण डोळे मिटलेले, जणू कुणी आतून शिवून घेतले. वैद्य आला, त्याने मध लावला, मान हलवली आणि गेला. दुसऱ्या दिवशी पडदा वीतभर लांबला. तिसऱ्या दिवशी आणखी वीतभर. खिडकी तीन हातांची आणि पडदा सात हातांच्या मापाचा. उरलेलं कापड जमिनीवरून पाळण्याकडे सरकत होतं. गोजराने कात्री लावली, तर कापलेल्या जागी दोन पडदे फुटले.

"आता याला हातसुद्धा लावू नका," कुंदलता ओरडली आणि पाळणा मागे ओढत राहिली, भिंत लागेपर्यंत.

आठव्या दिवशी सकाळी पडदा पाळण्यापासून वीतभरावर आला. तेव्हा दोन पडद्यांच्या फटीतून एक शिंपीण आत शिरली. शिंपीण म्हणजे चोचीने पानं शिवून घरटं करणारी ती इवली चिमणी. खिडकीच्या चौकटीवर बसून तिने शेपटी वर केली.

"राणी, मी दोन पानं शिवते, तर आधी माझ्या अंड्यांची जागा मापते. तू शेजारणीची अंडी मोजून आलीस."

"टोमणे मार, पण उपाय सांग."

"ज्या घरात दुसऱ्या घराचं माप टांगलं जातं, त्या घरातलं सगळ्यांत लहान माणूस आपलं घर बघू शकत नाही. हा शाप आहे. पडदा पाळण्याला किंवा बाळाला लागला की कायमचा. तीन कामं आहेत. पटमाळीच्या महालातून मापाची दोरी आण. तिच्या साती गाठी सोड. मग जिथलं माप घेतलंस तिथे आतून उभी राहा आणि काय दिसतं ते खरं खरं सांग. सूर्य मावळायच्या आत."

कुंदलतेने बाळाला पाजलं, गोजराच्या मांडीवर दिलं आणि निघाली. शिंपीण पुढे, ती मागे. पापणीचा डोंगर तेव्हा दर घटकेला एकदा मिटायचा आणि उघडायचा. उघडला तेव्हा ती आत गेली.

पटमाळीच्या महालात भिंती नव्हत्या, नुसते पडदे होते. तो स्वतः कुठे दिसेना. मधल्या बैठकीवर शंभर लोड, शंभर तक्के आणि गिरद्यांची रास. त्या सगळ्यांना तोंडं होती. पलीकडच्या टोकाला खुंटीवर काळी दोरी टांगलेली.

"या, राणीसाहेब," एक लोड म्हणाला. "दमलात. टेका जरा."

"मला घाई आहे."

"घाई कसली? अशी बैठक थोरल्या महालातसुद्धा नाही."

कुंदलतेचा पाय थबकला. एक गिरदी लोळत तिच्या टाचेपाशी आली. "आमच्यात काश्मीरची पिसं भरलीत. थोरल्या राणीच्या गिरद्यांत काय आहे ठाऊक आहे? नुसता सावरीचा कापूस!"

"खरंच?" कुंदलता म्हणाली आणि टेकली.

टेकली आणि रुतली. कमरेपर्यंत मऊ, गळ्यापर्यंत मऊ. गिरद्या एकेक सांगू लागल्या: हेमवतीच्या गालिच्याला कसर लागली आहे, तिच्या चादरीचा रंग जातो, तिच्या तोरणाचे आरसे फुटलेत. काय गोड वाटत होतं ऐकायला! शिंपीण ओरडत होती, पण तिचा आवाज कापसातून आल्यासारखा येत होता.

आणि तेवढ्यात पान्हा फुटला. चोळी ओली झाली. बाळाच्या दुधाची वेळ झाली होती. डोकं विसरलं होतं, अंग विसरलं नव्हतं. कुंदलता धडपडत उठली, गिरद्या फाटल्या, पिसं उडाली. तिने खुंटीवरची दोरी खेचली आणि डोंगर मिटायच्या आत बाहेर उडी घेतली.

घरी आली तेव्हा पडदा पाळण्यापासून चार बोटांवर होता. बाळाला पदराखाली घेऊन तिने गाठींना हात घातला. गाठ सुटेना. दातांनी ओढली, तरी सुटेना.

"नखांनी नाही सुटणार," शिंपीण म्हणाली. "प्रत्येक गाठ मारताना मनात जे होतं, ते तोंडाने बोल."

कुंदलतेने गोजराकडे पाहिलं. गोजराने मान फिरवून भिंतीकडे तोंड केलं. "बोला, बाईसाहेब. मला कमी ऐकू येतं."

"त्यांच्या पडद्याला आग लागावी असं मला वाटलं," कुंदलता पुटपुटली. पहिली गाठ सुटली.

"मागच्या संक्रांतीला त्यांच्या गालिच्यावर मी मुद्दाम हळदीचं बोट पुसलं." दुसरी सुटली.

"तरीच!" गोजरा भिंतीशी म्हणाली.

मग भराभर बोलली ती. त्यांच्या स्वयंपाकिणीला फितवल्याचं बोलली, त्या आजारी होत्या तेव्हा बरं वाटल्याचं बोलली, पाण्यात त्यांच्या महालाची सावली दिसली की खडा मारते हेही बोलली. एक गाठ तर "त्या हसतात तेसुद्धा मला खपत नाही" एवढ्यावरच सुटली. राहिली सातवी. तिथे तोंड मिटलं.

पडदा तीन बोटांवर आला.

"बोल, राणी."

"बाळ झालं," कुंदलता म्हणाली. "बाळ झालं तेव्हा गोजराने माझ्यापुढे धरलं. मी आधी बाळाचं तोंड नाही पाहिलं. समोरच्या खिडकीत त्यांचं तोंड कसं झालंय ते पाहिलं."

गाठ सुटली. गोजराने भिंतीकडे तोंड ठेवूनच पदराने डोळे पुसले.

दोरी आणि बाळ घेऊन कुंदलता पुष्करणीला वळसा घालून धावली. तिच्यामागे पडदाही निघाला, खिडकीतून उतरून, पायऱ्यांवरून, पाण्याच्या काठाकाठाने, बाळाच्या दुपट्याचा वास घेत. थोरल्या महालाचं दार हेमवतीनेच उघडलं.

"या धाकट्या राणीसाहेब. आज दोरी उघड उघड आणलीत?"

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"सज्जात माणूस उभं राहिलं की आत सावली पडते, बाई. सात वेळा वाकलीस. मी मोजलं. म्हटलं, तुळशीला इतकं पाणी?"

"जाऊबाई, नंतर काय हवं ते बोला. मला तुमच्या खिडकीत उभं राहू द्या. बाळासाठी."

हेमवतीने मिटलेल्या डोळ्यांचं बाळ पाहिलं आणि बाजूला झाली.

संक्रांतीला कुंदलता खालच्या दालनातूनच परत जाई; आज पहिल्यांदा आतून खिडकीपाशी गेली आणि बघतच राहिली. मोर कुठे होते? झालर कुठे होती? आतल्या बाजूला नुसतं मळकट अस्तर, त्यावर ठिगळं, जरीच्या टाक्यांच्या गाठी आणि लोंबणारे दोरे. त्या नगरीची रीतच तशी होती. कापडाची सुलट बाजू रस्त्याला, उलट बाजू घराला.

"सोळा वर्षं हे बघतेय मी," हेमवती म्हणाली. "मोर कसे दिसतात ते पुष्करणीवर गेले तरच कळतं."

"मग उलटवून का नाही लावले?"

"लोक काय म्हणतील? तू काय म्हणाली असतीस?"

कुंदलतेने खरं सांगितलं. "मी नाचले असते."

हेमवती फसकन हसली. "तुझा तो पांढरा सुती पडदा होता ना, दोन्हीकडून सारखा. रोज सकाळी बघायचे. मेलीला अक्कल नाही, पण पडदा बरा निवडलाय, म्हणायचे."

पडद्याचं निळं टोक उंबऱ्यावर चढलं. शिंपीण ओरडली, "काय दिसतं ते सांग!"

कुंदलतेने अस्तर सरकवलं. पुष्करणीपलीकडे तिचं घर होतं. इतकी वर्षं त्यात राहून तिने ते असं समोरून कधी पाहिलंच नव्हतं.

"एक खिडकी दिसते," ती म्हणाली. "तीन हातांची. खालच्या कोपऱ्यातला चुना निघालाय. चौकटीवर गोजराने बाळाची टोपडी वाळत घातलीत. उन्हं थेट पाळण्यापर्यंत जातायत. ती माझी खिडकी आहे. तीनच हातांची आहे."

हातातली दोरी सरळ झाली आणि तिची राख झाली. निळा पडदा उंबऱ्यावर थांबला. त्यातले मासे एकेक करून पुष्करणीत उतरले, आणि मागे उरलं ते ओलं, रंग गेलेलं फडकं. पापणीच्या डोंगराआड पटमाळी आपल्याच गिरद्यांवर टेकला होता. त्याच क्षणी त्या गळ्यापर्यंत वर आल्या आणि डोंगर मिटला. तो अजून उघडलेला नाही.

आणि बाळाने डोळे उघडले.

उघडले, मिचकावले आणि पहिल्यांदा पाहिलं ते आईकडे नाही. हेमवती वाकली होती, तिच्या नथीचा मोती हलत होता. बाळ टक लावून त्या मोत्याकडे बघत राहिलं आणि हसलं.

कुंदलतेच्या पोटात कळ आली. चांगली ओळखीची कळ. एक क्षण, दोन क्षण. मग तिने बाळ उचललं आणि जाऊबाईंच्या हातात दिलं.

"मान सांभाळा," ती म्हणाली. "डाव्या हातावर घ्या. नाही, असं नाही. थांबा, दाखवते."

तर बायांनो, पुढच्या महिन्यात कुणाच्या घरी पडदे शिवायला टाकायचे असतील, कुणाच्या घरी नवी बैठक यायची असेल, आणि तिथे पाळणाही हलत असेल, तर तिला ही गोष्ट सांगा. तिला वेळ नसेल तर तिच्या दाईला सांगा. माप घेताना तिची दोरी कुणाच्या सज्जात नको जायला.