कुंभाराच्या अंगठ्याखालचं तळं

एका गावात एक कुंभार राहत होता. त्याची एक कुंभारीण होती, दोन लेकरं होती आणि सगळ्यांचं मिळून एक गाढव होतं. गाढवाचं नाव रावसाहेब. नाव मोठं ठेवलं म्हणून असेल, पण तो आपल्याच मर्जीनं चाले आणि आपल्याच मर्जीनं थांबे.

कुंभाराची चिकणमातीची खाण टेकडीच्या पलीकडे, बाभळीच्या रानात होती. माती कशी, तर लोण्यासारखी. त्या मातीचा माठ गळत नसे, त्या मातीचं गाडगं चुलीवर तडकत नसे. पण त्या रानात गावातलं कुणी फिरकत नव्हतं, कारण तिथे हडळ राहते असं कुंभाराच्या आज्यानं गावाला सांगून ठेवलं होतं. आता हडळबिडळ काही नव्हती. आपली माती कुणी नेऊ नये, एवढंच आज्याला हवं होतं. अधूनमधून रानातून रावसाहेब ओरडे आणि हडळ अजून आहे, अशी गावाची खात्री पटे.

गावात सगळं होतं, पाणी तेवढं नव्हतं. माघ लागला की विहिरी तळाला जायच्या आणि बायका डोक्यावर घागरी घेऊन कोसभर चालायच्या. शेवटी एका वर्षी सगळ्यांनी ठरवलं, की सुगी आटोपली की घरटी एका माणसानं यायचं आणि पावसाळ्याच्या आत तळं खणायचं.

ठरलं खरं, पण खणायचं कुठे? तेल्याला तळं घाण्यामागे हवं होतं. माळ्याला मळ्याशेजारी. ज्याच्या त्याच्या मते आपल्या दाराइतकी चांगली जागा सगळ्या मुलखात नव्हती. आठ दिवस नुसतं भांडण. जुळत आलेल्या दोन सोयरिकी त्यात मोडता मोडता राहिल्या.

तेव्हा पाटील म्हणाला, "मी माझं शेत पाहिलंय, तू तुझं पाहिलंयस. सगळं गाव एकदम पाहिलंय का कुणी?"

विहिरी खणणारा म्हातारा म्हणाला, "घारीनं पाहिलंय. पण ती सांगायला खाली यायची नाही."

सगळे हसले आणि भांडण जरा निवलं. मग पाटलानं कुंभाराला काम सांगितलं. देवळासमोरच्या ओट्यावर मातीचं गाव बनव. टेकडी, ओढा, शेतं, विहिरी, सगळं जसं आहे तसं. ज्याला आपल्या जमिनीचं जे ठाऊक आहे, ते त्यानं येऊन सांगायचं. गाव पुरं झालं की वरून तांब्याभर पाणी ओतायचं. पाणी जिथे जाऊन थांबेल, तिथे तळं.

झालं, कामाला सुरुवात झाली. धनगर आला आणि कुठला उतार किती, हे त्यानं हातानं दाखवलं. दिवसभर मेंढरांमागे चालणाऱ्याला उतार पायांना कळतो. म्हाताऱ्यानं सांगितलं, कुठे खाली खडक लागतो आणि कुठे मुरूम. खडकाच्या जागी कुंभारानं खापराचे तुकडे रोवले, मुरमाच्या जागी वाळू पसरली, काळ्या जमिनीवर तीळ पेरले. परटीण तर सगळ्यांच्या वरताण. ती एकटी बाई, गावभरचं धुणं धुणारी, तोंडानं फटकळ. पोहऱ्याचा दोर घेऊन ती एकेका विहिरीवर गेली, पाणी किती हात खोल आहे ते मोजलं आणि एका हाताला एक बोट अशा मापानं काड्या तोडून आणल्या. विहीर खोल, तर काडी लांब. पाणी वर, तर काडी आखूड. मातीच्या गावात तिनं ती ती काडी त्या त्या विहिरीवर रोवली. वाचता न येणाऱ्यालाही एका नजरेत कळावं, पाणी कुठे आहे आणि कुठे नाही.

पाच दिवसांत गाव उभं राहिलं. पोरं आपापली घरं शोधायला लागली. तेलीण म्हणाली, माझं घर एवढंसंच कसं? कुंभार म्हणाला, इथे तुमचा आवाज धरला नाही ना, म्हणून.

पण शेवटच्या दिवशी टेकडीची मागची बाजू करताना कुंभाराचा हात थबकला. सगळे उतार एकाच खोलगट जागेकडे येत होते. वरून ओघळ येत होता, खाली चिकणमाती होती. पाणी ओतायचीही गरज नव्हती, त्याला दिसलंच. तळ्याची जागा एकच होती, ती म्हणजे त्याची खाण.

खाण बुडाली तर चाक कशावर चालवायचं? लेकरांना काय खाऊ घालायचं? कुंभारानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. कुणाचं लक्ष नव्हतं. चिमूटभर माती घेतली, त्या खोलगटात ठेवली आणि अंगठ्यानं दाबली. खोलगट जागा सपाट झाली.

दुसऱ्या दिवशी गाव जमलं. पाटलानं टेकडीवर तांब्या ओतला. पाणी ओघळानं आलं, अंगठ्याच्या ठशापाशी अडलं, वळसा घालून वडाखालच्या पडीक जमिनीत जाऊन थांबलं. सगळे खूश. ती जमीन कुणाच्याच दारात नव्हती, त्यामुळे कुणाचाच जीव जळला नाही.

पाटील मात्र सावध माणूस. तो म्हणाला, तीन महिने खणण्याआधी एक दिवस खणून पाहू. वडाखाली कमरेइतका खड्डा केला, त्यात वीस घागरी पाणी ओतलं. सकाळी येऊन बघतात तर खड्डा कोरडा ठणठणीत. खाली सगळा मुरूम. पडीक जागा, तिथे आजवर कुणी खणलंच नव्हतं. पाणी कधीच गडप झालेलं. आणि वीस घागरी म्हणजे बायकांनी कोसभरावरून आणलेलं पाणी, बरं का. बायका चिडल्या, पुरुष वैतागले.

मग चूक कुणाची, हे शोधणं आलं. वडाजवळच्या विहिरीवर परटिणीनं आखूड काडी लावली होती ना, पाणी वर आहे म्हणून? म्हणजे तिनंच खोटं मोजलं. तिला कुठे नीट मोजता येतं. तोंड तेवढं चालतं. एकानं म्हटलं, दुसऱ्यानं मान हलवली, आणि पंचांनी सांगून टाकलं, की उद्या सकाळपर्यंत परटिणीनं चूक कबूल करावी, नाहीतर गावातलं धुणं तिच्याकडे कुणी द्यायचं नाही. परटिणीनं पंचांकडे पाठ फिरवली. दोर खांद्यावर टाकला आणि घरी गेली.

कुंभारही घरी आला आणि मडकं थापटायला बसला. पण थाप कुठे पडत होती आणि लक्ष कुठे होतं. मडकं एका बाजूनं पार दबलं.

कुंभारीण समोर येऊन बसली. तिनं सगळं ओळखलं होतं. कुंभाराच्या उजव्या अंगठ्याचं नख लहानपणापासून दुभंगलेलं होतं. तो जिथे अंगठा दाबी, तिथे बारीक रेघ उमटे. घरातल्या प्रत्येक मडक्याच्या काठाखाली ती रेघ होती. आणि ओट्यावरच्या गावात, टेकडीमागे, तीच रेघ तिला दिसली होती.

ती म्हणाली, "अहो, एक विचारू? चिरलेलं मडकं माती चोपडून तुम्ही कधी विकलंत?"

"कधीच नाही," कुंभार म्हणाला. "पाणी भरलं की लगेच कळतं."

"मग परवा गाव का चोपडलंत?"

कुंभाराचे हात थांबले. तो म्हणाला, "खाण गेली तर आपण खायचं काय?"

"ते मला ठाऊक नाही," कुंभारीण म्हणाली. "पण परटीण काय खाणार, तेही मला ठाऊक नाही. आणि तिनं तर काही केलंसुद्धा नाही."

एवढं बोलून ती उठली आणि रावसाहेबाला चारा घालायला गेली. कुंभार त्या दबलेल्या मडक्याकडे बघत बसला. शेवटी त्यानं मडकं मोडलं आणि त्याचा परत गोळा केला.

सकाळी पंच ओट्यावर बसले. परटीण आली, बाजूला उभी राहिली. पाटील तिला विचारणार तेवढ्यात कुंभार पुढे झाला. टेकडीमागे वाकला, नखानं ती चिमूटभर माती उचकटली आणि सगळ्यांसमोर तळहातावर धरली.

"परटिणीच्या काड्या खऱ्या आहेत," तो म्हणाला. "खोटी आहे ती एवढी माती. माझ्या अंगठ्याची."

मग त्यानं स्वतःच तांब्या उचलला आणि टेकडीवर पाणी ओतलं. पाणी धावत आलं, खोलगटात शिरलं आणि तिथेच राहिलं. सगळे वाकून बघत राहिले, तरी ते पाणी हललं नाही.

पाटील हळूच म्हणाला, "अरे, ही तर तुझी खाण."

"हो."

"आणि हडळ?"

"ते आमचं गाढव आहे, पाटील."

मग परटीण हसली. ती हसली तशी बायका हसल्या, आणि मग पंचांना गंभीर राहणं कठीण झालं. पंचांनी तिची माफी मागितली. ती म्हणाली, माफी राहू द्या, तुमची धोतरं जरा कमी मळवा.

पण खरी गंमत पुढेच आहे. कुंभारानं कबूल केल्यावर धनगर मान खाजवायला लागला. म्हणाला, मीपण एक झरा सांगितला नाही. मेंढरांना पुरणार नाही, अशी भीती वाटली. माळ्यानं आपल्या बांधाआडचा ओघळ सांगितला नव्हता, तो सांगितला. शेवटी पाटीलसुद्धा म्हणाला, की माझ्या शेताचा उतार मी थोडा कमी दाखवला, पाण्याची वाट त्यातून जाऊ नये म्हणून. कुणाचा अंगठा मोठा, कुणाचा लहान, पण त्या दिवशी दुपारपर्यंत ओट्यावरून अंगठेच निघत होते. संध्याकाळी जे गाव उरलं, ते पहिल्यांदा खरं गाव होतं.

मग खाणीत कमरेइतका खड्डा केला आणि वीस घागरी ओतल्या. सकाळी मोजलं, तर वीसच्या वीस जागेवर.

आता कुंभाराचं काय, हा प्रश्न पाटलानंच काढला. ओट्यावरच्या त्या खऱ्या गावाकडे बघून म्हाताऱ्यानं उत्तर दिलं. तळं खणायचं म्हणजे माती बाहेर काढायची. वरचा मुरूम बांधाला जाईल. खालची चिकणमाती बांधाच्या पोटाला लागेल तेवढी ठेवू, बाकी सगळी कुंभाराच्या अंगणात. आणि दर वैशाखात तळं ओसरेल, तेव्हा काठाचा गाळ पहिला त्याचा. सगळ्यांनी हो म्हटलं.

तीन महिने गाव राबलं. जाताना रिकामी पाटी, येताना कुंभाराची माती. अंगणात मातीची एवढी टेकडी झाली, की रावसाहेब तिच्यावर चढून गावाकडे बघत उभा राही. धनगराच्या झऱ्याचं पाणी पाट काढून तळ्यात आणलं, आणि मेंढरांसाठी वाटेत एक कुंड केलं. पावसाळा सरला तेव्हा तळं काठोकाठ भरलं होतं. पुढच्या माघात एकही बाई कोसभर गेली नाही.

मातीचं गाव ओट्यावर तसंच राहिलं, वर छप्पर आलं. दर वर्षी दिवाळी झाली की परटीण दोर घेऊन निघते, सगळ्या विहिरी मोजते आणि काड्या बदलते. काड्या आखूड असल्या की गाव गहू पेरतं. लांब असल्या की हरभऱ्यावर भागवतं. भांडण होत नाही. काडी सगळ्यांसमोर उभी असते.

आणि कुंभार? त्याची माती आता दारातच होती, तीही नातवंडांना पुरेल एवढी. तळ्यावर लांबलांबची माणसं गुरं घेऊन येत आणि जाताना माठ घेऊन जात. एका चाकाची दोन चाकं झाली, दोनाची तीन. लेकरांना दुधाची वाटी मिळू लागली. कुंभारणीनं पहिला मोठा रांजण परटिणीच्या दारात नेऊन ठेवला. त्याच्या काठाखाली ती बारीक रेघ होती. परटिणीनं त्यावर बोट फिरवलं आणि म्हणाली, हा अंगठा गळत नाही हो. रावसाहेबाला तर कामच उरलं नाही. तो सावलीत उभा राहून चरतो आणि मनात आलं की हडळीसारखा ओरडतो. आता त्याला कुणी भीत नाही.

तात्पर्य: गावाचं भलं ठरवायला बसलात, तर आपल्या जमिनीचं खरं आधी सांगा; जे सगळ्यांनी मिळून मोजलं आणि काहीही न लपवता मांडलं, त्यातूनच सगळ्यांना पुरेल एवढं पाणी निघतं.