आमरीला दिलेलं तीर्थ

मंडळी, एखादा जीव वाचेल की नाही हे विचारायचं झालं, तर तुम्ही भरवसा कुणावर ठेवाल? त्याची सगळ्यांत जास्त सेवा करणाऱ्यावरच ना?

मीही तेच म्हटलं असतं. पण आमच्या नारळाच्या धंद्यात एक रीत आहे. नारळ चांगला का, हे विकणाऱ्याला विचारायचं नाही. कानाशी धरून हलवायचा. तो स्वतःच सांगतो.

घाटातल्या मठात नारळ पोचवायला मी वर्षानुवर्षं जात आलो. तिथे सोमगिरी महाराज असत. शिवालयाच्या भिंतीला आंब्याचा एक ओंडका टांगलेला होता, आणि त्यावर आमरी. ऑर्किडचीच ही रानातली जात. मातीला शिवत नाही, मुळं हवेत सोडते. महाराजांच्या गुरूंनी ती स्वतःच्या हातांनी बांधली होती.

त्या वर्षी महाराज चातुर्मासाला खाली खाडीकाठी राहिले. मठ सांभाळायला शिष्य ठेवला, भार्गव. हुशार, पाठांतर पक्कं, आणि ते त्याला ठाऊकही होतं. माघात मठाचा भार त्याच्यावर द्यायचा, असं ठरत आलं होतं.

कार्तिकी पौर्णिमा उलटल्यावर महाराज परतले. मी नारळाची पोती उतरवत होतो.

ओंडक्यावर एकही पान नव्हतं. नुसत्या कांड्या, सुरकुतलेल्या.

भार्गव हात जोडून उभा. मान मात्र ताठ.

"महाराज, सेवेत कसूर नाही केली. एक दिवस चुकलो नाही."

"काय घातलंस?"

"तीर्थ."

"कुठलं?"

"पिंडीवरच्या अभिषेकाचं. श्रावणात दूध, दही, मध, सगळं गोमुखातून वाया जात होतं. मी पन्हळ लावून ते हिच्या मुळांवर वळवलं. देवाला मिळतं ते हिलाही मिळावं म्हणून."

"पानं केव्हा गळली?"

"भाद्रपदात गळायला लागली. मग मी दूध वाढवलं."

महाराजांनी पिंडीकडे बोट केलं.

"भार्गवा, देव पितो का रे ते दूध?"

"नाही महाराज. ओघळून जातं."

"देव शहाणा. सोडून देतो. हिला सोडता आलं नाही."

मला हसू आलं होतं. भार्गवचा चेहरा पाहून मी ते गिळलं.

महाराजांनी मुळांवरून बोट फिरवलं आणि त्याच्या नाकाशी धरलं. आंबलेल्या दुधाचा वास मला पोत्यापाशी आला.

"अडकित्ता आण."

"महाराज, दादागुरूंनी बांधलेली आहे ती! कापायची?"

"दादागुरूंनी जिवंत बांधली होती."

कुजलेलं मूळ बोटाखाली पिचत होतं. महाराज ते कापत गेले. मग एकेक कांडी अंगठ्यानं दाबून पाहिली. मऊ लागली ती टाकली. भार्गव प्रत्येक कापाला डोळे मिटत होता. शेवटी एक कांडी हाती राहिली, टणक, आणि तिच्या बुडाशी चार पांढरी मुळं.

धुनीतली थंड राख त्यांनी कापावर दाबली.

"अंगारा लावलात, बरं झालं," भार्गव पुटपुटला.

"बुरशीला अंगारा कळत नाही. राख कळते."

दुसऱ्या कोरड्या ओंडक्यावर त्यांनी ती कांडी केळीच्या वाखानं, म्हणजे सोपाच्या दोरीनं, बांधली आणि सावलीत टांगली.

"आता मी काय करू, महाराज?"

"सकाळी शेजारची भिंत ओली कर. मुळं वाळून पांढरी दिसली, तर त्यांच्यावर साध्या पाण्याचा शिंतोडा मार. एवढंच."

"आणि सेवा?"

महाराजांनी उरलेला वाख उचलला आणि भार्गवच्या दोन्ही मनगटांवरून सैल वेढा घातला.

"ही."

भार्गवचा आवाज चिरकला. "आणि नाहीच जगली तर? गाव आत्ताच म्हणतंय, ज्याला एक आमरी राखता येत नाही, तो मठ काय राखणार?"

"गाव बरोबर विचारतंय..."

माघ आला आणि गेला. भार देण्याचा विषय महाराजांनी काढला नाही, भार्गवनं विचारला नाही. मी गेलो की तो त्या भिंतीपाशी दिसायचा, हात मागे धरून. एकदा म्हणाला, "शेटजी, श्लोक शिकणं सोपं होतं हो. हे नुसतं बघणं... जीव जातो."

चैत्रात कांडीच्या पेरावर राळ्याच्या दाण्याएवढा हिरवा डोळा आला. मग त्याला पान फुटलं, आणि खाली नव्या मुळाचं हिरवं टोक.

बातमी गावभर. बायका आरतीचं ताट घेऊन आल्या. पाटलीणबाई पुढे झाल्या आणि भार्गवच्या पायांवर डोकं ठेवून म्हणाल्या, "बुवा, मेलेलं झाड उठवलंत तुम्ही! कसली सेवा म्हणायची ही! आमच्या सुनेलाही एकदा हात लावा, अंथरुणातून उठत नाही ती."

सगळे त्याच्याकडे पाहत होते. कुणीतरी हार पुढे केला.

माघातला भार आता चैत्रात मिळणार, हे मलासुद्धा दिसत होतं. भार्गवनं तोंड उघडलं... आणि महाराजांकडे पाहिलं.

महाराज धुनीतलं लाकूड सारखं करत होते. वर न बघताच म्हणाले,

"सांग त्यांना. पण हिशेब चोख ठेव, बाळा. श्रावण गाळू नकोस."